फिफ्थ व्हील ओढायला कोणता ट्रक? पिनचं वजन, पेलोड आणि काटा

घाटमाथा

आरव्हीच्या (राहायच्या गाड्यांच्या) जुन्या धाग्यावर फिफ्थ व्हीलचे, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचला (जोडाला) लावायच्या राहत्या ट्रेलरचे, प्रश्न सारखे येतात आणि उत्तरं दहा पानांत विखुरतात. म्हणून अमेरिका-कॅनडातल्या मंडळींसाठी हा वेगळा धागा. मागच्या बॉलला लावायच्या ट्रॅव्हल ट्रेलरचं गणित निराळं असतं, ते इथे नको.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत ट्रकची ओढण्याची क्षमता सहसा आधी संपत नाही, आधी पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर उचलायचं वजन, संपतो. ट्रेलरचं जवळजवळ पाचव्या हिश्श्याचं वजन किंगपिनमधून (ट्रेलरच्या नाकाखालची जाड पिन, तीच हिचमध्ये अडकते) थेट ट्रकच्या हौद्यात येऊन बसतं. जाहिरातीत मात्र '१८,००० पाउंड ओढतो' एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर दोन स्टिकर दिसतात.

पहिला पिवळी पट्टी असलेला टायरचा स्टिकर. त्यावर 'माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये' असं लिहिलेलं असतं. हा तुमच्याच ट्रकचा पेलोड, कारखान्यातून निघताना जसा होता तसा. इंधनाची भरलेली टाकी यात आधीच धरलेली असते, ड्रायव्हर मात्र धरलेला नसतो. नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू (हौद्याचं झाकण, पायऱ्या, हिच, जादा डिझेल टाकी) या आकड्यातून वजा होते.

दुसऱ्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रकचं कमाल वजन, आणि पुढच्या-मागच्या एक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. ट्रक आणि ट्रेलर मिळून कमाल वजन म्हणजे जीसीडब्ल्यूआर. ते दारावर नसतं, कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये इंजिन, केबिन आणि एक्सल रेशोनुसार बघावं लागतं.

ब्रोशरमधला 'कमाल पेलोड' विसरा. तो आकडा बहुतेक वेळा दोन दारांच्या, पेट्रोल इंजिनाच्या, टू-व्हील ड्राइव्ह साध्या ट्रकचा असतो. चार दारं, फोर बाय फोर, डिझेल, सनरूफ, लेदर असं एकेक चढवत गेलात की जीव्हीडब्ल्यूआर तेवढाच राहतो आणि पेलोड खाली येतो. म्हणून एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी दोन्हींची दारं उघडून बघायची.

ओढण्याचा आकडा बहुतेक कंपन्या आता एसएई जे२८०७ या चाचणीने काढतात. ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमचा चढ आहे, साधारण ११ मैलांचा. तो एसी पूर्ण चालू ठेवून, उन्हाळ्याच्या तापमानात, ठरलेल्या किमान वेगाने चढता आला पाहिजे. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघणं, ब्रेक, स्थिरता वगैरे. चाचणी उत्तम आहे, पण तीत गृहीत धरलेले ड्रायव्हर आणि सोबती प्रत्येकी १५० पाउंडांचे असतात. मागच्या सीटवरची दोन मुलं, कुत्रा आणि शीतपेटी त्यात नाही.

प्लेनोकर

वेळेवर धागा आला. आकडे देतो, बघून सांगा. पाऊण टनी (रॅम २५०० च्या वर्गाचा; ३५०० म्हणजे एक टनी) डिझेल, चार दारं, फोर बाय फोर. पिवळ्या पट्टीवर २,०४० पाउंड. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००. एक्सल पुढे ६,०००, मागे ६,५००. टायर एलटी२७५/७०आर१८ ई.

पसंत पडलेल्या ट्रेलरचं ब्रोशर: रिकामं वजन ११,२००, हिच वेट २,१००, जीव्हीडब्ल्यूआर १४,०००. आम्ही चौघं मिळून ५२० पाउंड. विक्रेता म्हणतो, ट्रक १७,००० ओढतो, निर्धास्त राहा.

घाटमाथा

ब्रोशरमधलं हिच वेट रिकाम्या ट्रेलरचं असतं. गॅस, बॅटरी, पाणी, भांडीकुंडी, खुर्च्या, काही नाही. फिफ्थ व्हीलमध्ये मोठा 'तळघर' कप्पा, गॅस सिलिंडर, बॅटरी, बेडरूमचं कपाट, वॉशिंग मशीनची जागा हे सगळं बहुधा एक्सलच्या पुढे असतं. म्हणजे भरलेल्या सामानाचा मोठा हिस्सा पिनवरच येतो. खरेदीच्या वेळी भरलेल्या ट्रेलरच्या २० ते २५ टक्के धरायचे. मी २२ धरतो.

तुमचा ट्रेलर पूर्ण १४,००० भरणार नाही, १३,२०० धरू. २२ टक्के म्हणजे साधारण २,९००.

पिन २,९०० + हिच १५० + माणसं ५२० + हौद्यातली हत्यारं आणि ठोकळे १०० = ३,६७०.

हातात आहेत २,०४०. म्हणजे १,६३० पाउंड जास्त. विक्रेता खोटं बोलत नाहीये, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

डिझेलभाऊ

थोडी वेगळी बाजू मांडतो. १०,००० हा आकडा अभियांत्रिकीपेक्षा कागदाचा जास्त आहे. अमेरिकेत ८,५०१ ते १०,००० पाउंड म्हणजे क्लास २बी आणि त्याच्यावर क्लास ३. बरेच नियम आणि नोंदणी शुल्कं त्या रेषेवर बदलतात, म्हणून कंपन्या पाऊण टनी ट्रक बरोबर रेषेवर आणून ठेवतात. पुरावा स्टिकरवरच आहे: ६,००० आणि ६,५०० मिळून १२,५०० होतात, मग ट्रक १०,००० चाच कसा? फोर्ड तर एफ-३५० सुद्धा १०,००० च्या कमी केलेल्या स्टिकरवर विकते. तोच लोखंडी सांगाडा, फक्त कागद वेगळा. तेव्हा मागच्या एक्सलची मर्यादा आणि टायर पाळा, जीव्हीडब्ल्यूआरचा बाऊ करू नका.

मोजूनमापून

डिझेलभाऊ, इतिहास बरोबर सांगितलात. निष्कर्ष या ट्रकला लावून बघू.

पाऊण टनी डिझेल क्रू कॅबचा मागचा एक्सल रिकाम्या ट्रकमध्ये साधारण ३,२०० पाउंड उचलून असतो. फिफ्थ व्हीलची पिन मागच्या एक्सलच्या जवळजवळ डोक्यावर असल्याने तिचं सगळं वजन तिथेच उतरतं. ३,२०० + २,९०० + हिचचे १५० + मागे बसलेली माणसं आणि हौद्यातलं सामान यांचे ३०० = ६,५५०. मर्यादा ६,५००. म्हणजे तुमच्याच मापाने हा ट्रक नापास होतो, तेही ट्रेलर पूर्ण भरलेला नसताना.

दोन एक्सलची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा जास्त असणं हे जवळजवळ प्रत्येक वाहनात असतं. वजन कधी पुढे, कधी मागे झुकतं, त्यासाठी प्रत्येक एक्सलला स्वतःची मोकळीक लागते. ती बेरीज म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय सगळ्या पाऊण टनी ट्रकचा सांगाडा एक टनीसारखाच असतो असंही नाही. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि ३५०० ला पाटे. फरक कागदाचा नाही, लोखंडाचा आहे.

१०,००० ची डीरेट (कागदावर रेटिंग कमी) केलेली एफ-३५० कुणाकडे असेल तर मात्र डिझेलभाऊंच्या म्हणण्यात दम आहे. तरी स्टिकर तोच राहतो.

डिझेलभाऊ

कॉइल स्प्रिंगचं मान्य. पण 'स्टिकरच्या वर गेलात की विमा मिळत नाही' अशी जी भीती घालतात ती तरी थांबवा.

मोजूनमापून

ती सरसकट भीती मीही घालत नाही. आपली पॉलिसी वाचावी. अपघातानंतरच्या दिवाणी दाव्यात समोरचा वकील मात्र त्या स्टिकरचा फोटो पहिल्या पानावर लावणार, एवढं लक्षात असू द्या.

सह्याद्री_ते_सिएरा

मागे एअर बॅग बसवल्या तर पेलोड वाढतो ना? सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

घाटमाथा

नाही. एअर बॅग, जादा पाटा, रबरी ठोकळे यांनी ट्रकची मागची बाजू खाली बसत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत, डोलणं कमी होतं. एक्सलचं घर, बेअरिंग, चाकाची रिम, टायर, ब्रेक, फ्रेम तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा एक पाउंडही वाढत नाही, उलट किटचं वजन त्यातून वजा. मर्यादेच्या आत असलेल्या ट्रकला सरळ करायला एअर बॅग चांगली. मर्यादा ओलांडलेला ट्रक सरळ दिसायला लागला तर ते जास्त वाईट, कारण बसकी मागची बाजू हीच एक डोळ्यांना दिसणारी सूचना होती.

प्लेनोकर

म्हणजे एक टनी सिंगल की थेट ड्युअली (मागे चार चाकांचा)? आणि पेट्रोल घेतलं तर?

घाटमाथा

तुमच्या १४,००० च्या ट्रेलरला एक टनी, मागे दोनच चाकं असलेला ट्रक पुरतो, पण पेलोड ४,००० च्या आसपास असलेला शोधा. जीव्हीडब्ल्यूआर १२,००० च्या पुढे असेल. ट्रेलर १६,००० च्या वर गेला की पिन ३,५०० च्या पुढे जाते, मग ड्युअलीच. तिथे जीव्हीडब्ल्यूआर १४,००० असतो आणि मागे चार टायर.

पेट्रोलचा विचार करण्यासारखा आहे. डिझेल इंजिन आणि त्याचा सगळा लवाजमा काहीशे पाउंड जड असतो, त्यामुळे त्याच जीव्हीडब्ल्यूआरला पेट्रोल ट्रकचा पेलोड ठसठशीत जास्त मिळतो. पाऊण टनी पेट्रोल ट्रक पाऊण टनी डिझेलपेक्षा जड पिन उचलू शकतो, हे अनेकांना उलटं वाटतं. बदल्यात चढावर इंजिन ओरडतं. टर्बो नसेल तर दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे हिशेब करा. डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकला (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणाऱ्या) उतारावर पर्याय नाही. वर्षातून दोनदा सपाट टेक्सासमध्ये फिरणार असाल तर पेट्रोल, दर उन्हाळ्यात रॉकीजमध्ये जाणार असाल तर एक टनी डिझेल.

कॅलिकट्टा

कॅलिफोर्नियावाल्यांनो, परवान्याकडे बघा. फिफ्थ व्हीलचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००१ ते १५,००० असेल तर नेहमीच्या क्लास सी परवान्यावर वेगळी एंडोर्समेंट (जादा मंजुरी) लागते, तिची लेखी परीक्षा असते. १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए, त्यासाठी ट्रेलर जोडून प्रत्यक्ष चाचणी. ट्रेलरचं खरं वजन नाही, स्टिकरवरचा आकडा धरतात. आणि ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल.

प्लेनोकर

टेक्सासात?

कॅलिकट्टा

जोडीचं रेटिंग २६,००० च्या वर आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर नॉन-कमर्शियल क्लास ए. ड्युअली आणि १६,००० चा ट्रेलर म्हटला की तुम्ही त्यात आलात.

व्हॅन्कूव्हरची_वारी

आमच्याकडे ब्रिटिश कोलंबियात ट्रेलर ४,६०० किलोच्या वर असेल तर हाउस ट्रेलर एंडोर्समेंट, कोड ०७. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मोठं फिफ्थ व्हील.

मोजूनमापून

आता काट्याबद्दल. वरची सगळी गणितं अंदाजाची आहेत, खरं काय ते वजनकाट्यावर कळतं. हायवेवरच्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पंधरा डॉलरच्या आसपास लागतात, २४ तासांत दुसरं वजन केलं तर अगदी थोडे. फोनवर त्यांचं ॲप आहे, त्यातून पैसे भरले की खाली उतरावं लागत नाही आणि पावती फोनवर येते.

कसं करायचं:

१. घरून निघताना जसं भराल तसं सगळं भरा. पाणी, गॅस, सायकली, माणसं, डिझेलची टाकी पूर्ण.

२. काट्याला तीन फळ्या असतात. ट्रकचं पुढचं चाक पहिल्या फळीवर, मागचं दुसऱ्या, ट्रेलरची सगळी चाकं तिसऱ्या फळीवर. ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत हवेत. पहिलं वजन घ्या.

३. बाजूला मोकळ्या जागी ट्रेलर सोडा. हिच हौद्यातच राहू द्या, माणसं गाडीतच. फक्त ट्रकचं दुसरं वजन घ्या.

समजा आकडे असे आले.

जोडलेलं: पुढचा एक्सल ४,९२०, मागचा ७,०६०, ट्रेलरचे एक्सल १०,३८०. एकूण २२,३६०.

फक्त ट्रक: पुढे ४,८८०, मागे ४,०२०. एकूण ८,९००.

जोडलेल्या ट्रकचं वजन ४,९२० + ७,०६० = ११,९८०. त्यातून ८,९०० वजा केले की पिन ३,०८०. ट्रेलरचं खरं वजन १०,३८० + ३,०८० = १३,४६०. पिनचा हिस्सा २२.९ टक्के. ब्रोशरमध्ये हाच आकडा २,१०० होता हे विसरू नका.

एक टनी ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १२,२०० आणि मागच्या एक्सलची मर्यादा ७,२५० धरली तर अनुक्रमे २२० आणि १९० पाउंड शिल्लक. आत आहे, पण काठावर. त्याच वेळी जोडीचं २२,३६० हे जीसीडब्ल्यूआरच्या कितीतरी खाली असेल. धाग्याच्या सुरुवातीला घाटमाथा म्हणाले ते हेच.

पुढचा एक्सल जोडल्यावर ४० पाउंडांनी वाढला ते नीट बघा. हिचचा मध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे आहे असा त्याचा अर्थ, आणि ते योग्य. पुढचा एक्सल हलका झालेला दिसला तर हिच एक्सलच्या मागे बसवली आहे. स्टिअरिंग हलकं होतं, लगेच दुरुस्त करा.

प्लेनोकर

हे सोनं आहे. प्रिंट काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात. ट्रेलर घ्यायच्या आधी काय करायचं पण? तेव्हा तर तो रिकामाच असतो.

मोजूनमापून

ट्रक तर आहे ना? सगळ्या कुटुंबासकट आणि भरल्या टाकीने त्याचं वजन करा. जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करा, हिचचं वजन वजा करा. उरलं ते पिनसाठी. त्याला ०.२२ ने भागा. उत्तर म्हणजे तुम्हाला झेपेल असा भरलेला ट्रेलर. मागच्या एक्सलचं वजनही त्याच पावतीवर मिळतं, त्याच्याही मर्यादेतून वजाबाकी करून बघा आणि दोन्हींत जे कमी येईल ते धरा. विक्रेत्याकडे जाताना हा आकडा कागदावर असावा.

आणि प्रत्येक चाकाचं वेगळं वजन हवं असेल तर कॅट स्केलवर ते होत नाही. स्वयंपाकघर आणि स्लाइड-आउट (बाहेर सरकणारी खोली) ज्या बाजूला असतात ती बाजू कित्येकदा जड असते. एस्केपीज हा आरव्हीवाल्यांचा क्लब टेक्सासात लिव्हिंग्स्टनला चाकागणिक वजन करून देतो.

सह्याद्री_ते_सिएरा

टायरवरही लिहा ना कुणी.

डिझेलभाऊ

हे माझ्याकडे. ट्रकच्या टायरवर लोड इंडेक्स असतो. एलटी२७५/७०आर१८ ई चा १२५, म्हणजे ८० पीएसआयला ३,६३८ पाउंड. दोन टायर ७,२७६. वरच्या उदाहरणात मागच्या एक्सलवर ७,०६० आहेत, म्हणजे मागचे टायर पूर्ण ८० वर हवेतच. रोज रिकामा ट्रक चालवताना ६० ठेवणारे ट्रेलर लावताना हवा भरायला विसरतात, आणि मग टायरची बाजू तापते. ड्युअलीत टायर लहान असतो, एलटी२३५/८०आर१७ ई, आणि जोडीत लावला की त्याची क्षमता ३,०८६ वरून २,८३३ होते, पण चार असतात. ११,३३२. प्रश्न मिटला.

ट्रेलरचे टायर एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) प्रकारचे. एसटी२३५/८०आर१६ ई ला ८० पीएसआयला ३,५२०. दोन गोष्टी. एक, बाजूवर वेगाचं अक्षर नसेल तर ताशी ६५ मैल ही कमाल समजा. दोन, झीज बघून बदलू नका, वय बघून बदला. नक्षी नवी कोरी असते आणि आतून थर सुटलेले असतात. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षांत बदलायचे. फुटलेला टायर एकटा जात नाही, चाकावरची पत्र्याची कड, वायरिंग आणि कधीकधी गॅसचा पाइप सोबत नेतो. टीपीएमएस (टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारं यंत्र) बसवा.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. धावून तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा सोडणं हा आत्मघात आहे.

घाटमाथा

एक जोड. ट्रेलर आडवा, जमिनीला समांतर चालला पाहिजे. हल्लीचे फोर बाय फोर ट्रक इतके उंच आहेत की ट्रेलरचं नाक वर राहतं, मग मागच्या एक्सलवर आणि त्याच्या टायरवर जास्त भार. पण नाक खाली आणायला हिच मनाला येईल तितकी उतरवता येत नाही. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा पुढचा भाग यांत सहा इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर पेट्रोल पंपाच्या तिरक्या रॅम्पवर ट्रेलर कडेवर टेकतो. दोन्ही जमत नसेल तर ट्रेलरचे स्प्रिंग हँगर उंच करून घेणं हा मार्ग.

साडेसहा फुटी हौदा असेल तर अरुंद वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला लागू शकतो. सरकणारी हिच घ्या, तिचं जादा वजन पेलोडमध्ये धरा. आठ फुटी हौद्यात हा प्रश्न नाही.

कळंबोली_टर्मिनल

मी इकडचा, कंटेनर ट्रेलरवाला. तुमचे पाउंड वाचून डोकं गरगरलं, पण घोडा (ओढणारा पुढचा ट्रक) आणि ट्रेलरचं तत्त्व तेच आहे. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत एक्सलच्या मर्यादा वाढल्या: चार टायरचा सिंगल एक्सल १०.२ वरून ११.५ टन, टँडम १९ वरून २१, जोडीचं कमाल वजन ४९ वरून ५५. जास्त भरलं तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. तुमच्याकडे खासगी आरव्हीला काट्यावर कुणी अडवत नाही असं दिसतं, म्हणून ही चर्चा करावी लागते.

कामाचं सांगतो. जोडल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकून बघायचं. जबडा पिनच्या मानेभोवती बंद झालेला डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसता खटका ऐकून निघायचं नाही.

मोजूनमापून

अगदी. इथे आरव्हीची पिन दोन इंची असते, तुमच्याकडच्या ५० मिलिमीटरवालीच्या मापाची.

जोडणीत सगळ्यात महागडी चूक म्हणजे पिन उंच राहणं. पिनचं खालचं टोक जबड्याच्या वर टेकतं, खटका पडल्यासारखा वाटतो, लँडिंग गिअर उचलून निघालात की पहिल्या चढावर ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. दोन्ही बाजूंचे पत्रे आणि टेलगेट एका क्षणात.

म्हणून क्रम असा. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. टेलगेट खाली. ट्रेलरचं नाक इतकं खाली आणा की पिन बॉक्सची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा इंच खाली असेल. मागे घेताना हिच ट्रेलरला किंचित उचलते, प्लेट प्लेटवर घासते, फट राहत नाही. जबडा बंद झाला की उतरून दोन गोष्टी बघा: दोन प्लेटांमध्ये उजेड दिसतो का, आणि हँडल पूर्ण आत जाऊन त्याची सेफ्टी पिन बसते का. सात पिनी वायर लावा. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकच्या हौद्यातल्या कडीला. हिचला किंवा हँडलला कधीच नाही, कारण हिच उखडली तर केबल तिच्याचबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत.

मग ओढून बघायचं. लँडिंग गिअर जमिनीपासून जेमतेम एक इंच वर, ठोकळे तसेच, हाताने ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे. ट्रेलर सुटला तर पाय एक इंच खाली टेकतील, हौदा वाचेल. त्यानंतरच पाय पूर्ण वर, ठोकळे काढा, टेलगेट लावा. टेलगेटचं नाव शेवटी आलं, कारण सगळे तेच विसरतात.

सह्याद्री_ते_सिएरा

ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) किती ठेवायचा? प्रत्येक व्हिडिओत वेगळा आकडा.

डिझेलभाऊ

आकडा विचारू नका, रीत शिका. कोरडा सपाट रस्ता, आधी चार-पाच वेळा ब्रेक मारून ड्रम गरम करा. ताशी २५ मैलांच्या वेगावर ट्रकच्या ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता फक्त हाताने ट्रेलरचा ब्रेक पूर्ण दाबा. चाकं जाम व्हायच्या किंचित अलीकडे थांबा, तो तुमचा गेन. जड ट्रेलर आणि इलेक्ट्रिक ड्रम असतील तर कमालीवरही चाकं जाम होत नाहीत, ठीक आहे. पण ट्रेलर नीट खेचतच नसेल तर अमीटर लावा. १२ इंची ड्रमचा प्रत्येक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, चार चाकांना १२. आकडा ९ आला तर एक चाक मेलं आहे. वायर एक्सलच्या नळीतून जाते, आत घासून तिचं आवरण जातं, मग कधी शॉर्ट, कधी नुसतं 'ट्रेलर डिस्कनेक्टेड'. बाहेरून नवी जाड वायर टाकणं हाच इलाज.

बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना, जे आधी येईल ते.

उताराला: टो-हॉल (ओझं ओढतानाचा गिअर मोड) आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू, माथ्यावरच वेग कमी. आय-५ वरच्या ग्रेपवाइनला ६ टक्के उतार मैलोनमैल आहे. वेग वाढला की एकदा ठाम दाबून पाच-दहा मैल खाली आणा आणि पाय काढा. पाय टेकवून ठेवलात तर ड्रम तापून फुगतो, अस्तर त्याच्यापासून लांब जातं आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक उरत नाही.

प्लेनोकर

शेवटची शंका. आहे तोच ट्रक ठेवून पिन हलकी करता येईल का? त्या ट्रेलरची ६० गॅलनची पाण्याची टाकी एक्सलच्या मागे आहे. ती भरून चाललो तर नाक उचललं जाईल ना?

मोजूनमापून

उचललं जाईल, किती ते बघा. ६० गॅलन गुणिले ८.३४ म्हणजे ५०० पाउंड. टाकीचा मध्य एक्सलच्या मध्यापासून ५ फूट मागे आणि पिन २५ फूट पुढे धरली तर पिन कमी होणार ५०० × ५ ÷ २५ = १०० पाउंडांनी. ट्रेलरच्या एक्सलवर मात्र ६०० वाढणार. तुमची तूट १,६३० ची आहे.

मागच्या बंपरला सायकलचा रॅक, त्यावर जनरेटर असले उद्योगही याच हिशेबात बसवा. तिथे लांबी जास्त असल्याने पिन जास्त हलते, पण ट्रेलरची मागची फ्रेम आणि तो पातळ बंपर त्यासाठी केलेले नसतात. पिन १५ टक्क्यांच्या खाली गेली तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

आणि टाकी भरून चालण्याआधी ट्रेलरचं मॅन्युअल उघडा. काही ट्रेलरमध्ये टाकीचे आधाराचे पट्टे भरल्या टाकीने प्रवास करण्यासाठी नसतात, टाकी रस्त्यावर उतरते.

प्लेनोकर

समजलं. या हिशेबात बसतील असे बरेच हलके ट्रेलर बघतो, नाहीतर ट्रक बदलतो. ट्रकचं वजन शनिवारी करून पावती इथे टाकतो.

घाटमाथा

टाका. मागच्या एक्सलचा आकडा झाकू नका, तोच बघायचा आहे.